पेटीत चार

"उघड," हत्तरकीसर म्हणाले.

"सर, तुम्ही दाबा ना."

"मी कशाला? काम तुझं, तूच दाब की."

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत आम्हाला एक खोली दिली होती. दोन टेबलं, एक कपाट, आणि कधी धड न तापणारा हीटर. बाहेर फेब्रुवारीचं धुकं. तीन आठवडे आम्ही सूर्य पाहिला नव्हता. मी परभणीची. ऊन नसलं की माझं डोकंच चालत नाही. मी कळ दाबली आणि खुर्ची मागे सरकवून बसले. उत्तर यायला अर्धा तास तरी लागणार होता.

तेवढ्यात आम्ही काय उघडत होतो ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. आमच्या यंत्रात कणांच्या टक्करी होतात. त्यातून कधीतरी हिग्ज नावाचा कण तयार झाला की तो क्षणाच्या आत फुटतो. तो कशाकशात फुटतो याची यादी ठरलेली आहे, आणि आजवर जिथे जिथे तपासलं तिथे तो गुणी मुलासारखा यादीप्रमाणेच फुटला. हत्तरकीसरांचं म्हणणं एवढंच होतं की हजारात, दहा हजारात एखादा हिग्ज यादीबाहेरही फुटत असेल. त्यातून असे दोन कण निघत असतील जे कोणी कधी पाहिले नाहीत, जे कुठल्याच उपकरणाला जाणवत नाहीत. ते पाच-सात मीटर गुपचूप चालत जातात आणि यंत्राच्या पार बाहेरच्या थरात, जिथे काही घडायचं कारणच नाही, तिथे फुटतात. असं ठामपणे सापडलं तर पुस्तकं नव्याने लिहावी लागतील. सर नऊ वर्षं हे शोधत होते, म्हणजे हिग्ज सापडायच्याही आधीपासून. त्यातली शेवटची साडेचार वर्षं मी त्यांच्याबरोबर होते, पीएच.डी.ची विद्यार्थिनी म्हणून.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. हवं ते नोंदींच्या ज्या भागात सापडेल असं वाटतं, तो भाग आधी बघायचाच नाही. त्याला आम्ही पेटी म्हणायचो. कुठली टक्कर घ्यायची, कुठली टाकायची, हे सगळे नियम पेटी बंद असताना ठरवायचे, आणि मग एकदाच उघडायची. उघडल्यावर नियमाला हात लावायचा नाही. कारण माणसाला हवं ते दिसतं. आम्ही शिकलेली माणसं त्यात जास्तच वाईट.

पेटीत काही नवं नसलं तरी चुकून, उगीच म्हणून किती टक्करी येतील, हेही आम्ही आधी काढलं होतं. अर्धी. म्हणजे बहुतेक शून्य, फार तर एखादी. जुन्या नोंदींवरच्या सरांच्या आधीच्या पेट्या रिकाम्याच निघाल्या होत्या.

पडद्यावर ओळ उमटली. मी दोनदा वाचली.

"किती?" सरांनी विचारलं. ते मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"चार."

"शून्य पॉइंट चार?"

"नाही सर. चार. सबंध चार."

सर वळले. चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला, वाकून स्वतः वाचलं. मग माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. एवढा मोठा माणूस, सहा फूट उंच, गडहिंग्लजचा, कुस्तीच्या आखाड्यात वाढलेला, आणि पडद्यावरचा तो आकडा बोटाने परत परत गिरवत होता.

"नऊ वर्षं गं," ते म्हणाले. "नऊ वर्षं पोरी."

मला रडूच फुटलं. मी त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते, प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांनी लाल शाईने माखून परत दिलं तेव्हासुद्धा नाही.

"काकूंना फोन करा," मी म्हटलं.

"छे छे! ती लगेच गल्लीत पेढे वाटंल. चारनं काही सिद्ध होत नाही. कुणाला काही बोलायचं नाही." मग म्हणाले, "एल्साला मात्र कळवायला पाहिजे. परवाची मीटिंग आहे."

त्या मीटिंगचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच आहे. आमचं यंत्र सेकंदाला कोट्यवधी टक्करी घडवतं. तेवढ्या साठवायला जगात जागा नाही. म्हणून एक चाळणी असते. ती निमिषात ठरवते की ही ठेवा, ही टाका. टाकलेली कायमची गेली, देवालासुद्धा परत मिळणार नाही. प्रत्येक ग्रुपने झगडून चाळणीत आपल्यापुरतं भोक पाडून घेतलेलं असतं. सरांचं भोक अगदी बारीक होतं, सेकंदाला तीन टक्करी. यंत्र दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, ते तीन वर्षांनी सुरू होणार होतं आणि त्या वेळी कुठली भोकं ठेवायची, कुठली बुजवायची, हे त्या गुरुवारी ठरणार होतं. एल्सा त्या समितीची प्रमुख. कडक बाई, पण वाकड्यात शिरणारी नव्हे. तिने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की नऊ वर्षं रिकामं राहिलेलं भोक वाचवणं अवघड आहे.

सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "भोक राहिलं तरी तुम्ही कुठे असणार आहात सर?"

"मी कशाला पाहिजे?" ते म्हणाले होते. "भोक पाहिजे. बघणारा कोणतरी येतोय की."

एल्साचं उत्तर दुपारीच आलं. 'चार? गुरुवारी ऐकायला मी उत्सुक आहे.' सरांनी ते मला मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं. "आता बुजवू देत," म्हणाले, "कसं बुजवतात बघू." त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी स्वतः होऊन गोड घेतलं, मधुमेह असून.

बुधवारी सकाळी सर त्यांच्या दुसऱ्या कामाला गेले, पलीकडच्या इमारतीत. मी मीटिंगसाठी त्या चार टक्करींची चित्रं काढायला बसले. चित्र काढायचं तर मूळ नोंद उघडावी लागते, आणि नोंद कुठून आली ते प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. साडेबाराच्या सुमाराला मी ती ओळ वाचली. परत वाचली.

डिसेंबरात आम्ही एक चाचणी केली होती. पेटी उघडण्याआधी सगळेच करतात. नोंदींची एक प्रत काढायची, तिच्यात संगणकावर बनवलेल्या खोट्या टक्करी मिसळायच्या, आणि बघायचं की आपली पद्धत त्या शोधून काढते का. न काढली तर खऱ्याही सापडणार नाहीत, म्हणून ही खबरदारी. मी अशा दहा मिसळल्या होत्या. चाचणी छान झाली, सात सापडल्या. नंतर जानेवारीत नियम आणखी कडक केले, त्यातून सातातल्या चारच उरतात हे कोणी मोजलं नव्हतं. चाचणी झाल्यावर परत मूळ नोंदींकडे वळायचं होतं. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची. एकच ओळ.

ती मी बदलली नव्हती.

मंगळवारी आम्ही उघडली ती मूळ पेटी नव्हतीच. माझी प्रत होती. मीच ठेवलेलं मीच शोधून काढलं होतं, आणि सर त्याच्यासाठी हसले होते.

मी ओळ बदलली, मूळ नोंदी लावल्या आणि परत कळ दाबली. तो अर्धा तास मी कसा काढला ते विचारू नका. एक वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. शून्य.

मी ते उत्तर तसंच एका फाईलमध्ये साठवलं. सवयीने. आमच्या हातांना तेवढं वळण असतं, जग बुडत असलं तरी फाईल साठवायची.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच उठून सरांकडे का गेली नाहीस? उठले होते. कोट घातला, दारापर्यंत गेले. आणि तिथे उभी राहून विचार करायला लागले, तिथेच सगळं फिसकटलं. सांगितलं तर उद्याच्या मीटिंगमध्ये पेटी रिकामी. पेटी रिकामी तर भोक बुजणार, आणि सरांनी नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते पुढे खरोखर आलं तरी चाळणीतून वाहून जाणार. नाही सांगितलं तर भोक राहील. मग सोमवारी म्हणायचं, अहो, चूक सापडली. चूक कुणाच्याही हातून होते. एकदा ठेवलेलं भोक कोणी मुद्दाम परत बुजवत नाही, त्यात कागदपत्रं फार. कोणाचं काय बिघडलं? मी कोणाचं चोरत नव्हते. निसर्गाला आणखी तीन वर्षं देत होते, एवढंच.

हे मला तेव्हा इतकं पटलं की काय सांगू. आणि खरं सांगायचं तर त्यात माझी अब्रूही होती. साडेचार वर्षं शिकून ही एक ओळ बदलायला विसरली, हे मला सरांच्या तोंडावर पाहायचं नव्हतं. मी कोट काढला आणि परत बसले.

चार वाजता सर आले. दारात उभे राहून म्हणाले, "चल, चहा घेऊ."

कॅन्टीनमध्ये त्या वेळी गर्दी नसते. सर स्वतःची चहाची पूड घेऊन फिरायचे, खिशात, औषधाच्या डबीत. गरम पाण्यात ती टाकून ते ढवळत बसले. कालचा आनंद चेहऱ्यावर दिसत नव्हता. मला वाटलं, थकलेत. दोन इमारतींमध्ये ये-जा, त्यात ही थंडी.

"चारही टक्करी नीट बघितल्यास?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"एकेक?"

"एकेक. चित्रं तयार आहेत."

"सगळं बरोबर?"

"हो."

सर ढवळतच राहिले. मग म्हणाले, "मी तुझ्या वयाचा होतो ना, तेव्हा माझ्या हातून एक घोळ झाला होता. मोठा घोळ. दोन दिवस कुणाला बोललो नाही. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी जाऊन गाईडला सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं आलास, आता जेव. बास, एवढंच."

"कसला घोळ सर?"

"आता आठवत पण नाही बघ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काही सांगायचं होतं का?"

मी आजवर हजार वेळा त्या टेबलाशी जाऊन बसले असेन. हजार वेळा सांगितलंय मनातल्या मनात. तेव्हा मात्र म्हणाले, "नाही सर. थोडी भीती वाटतेय उद्याची, एवढंच."

"भीती वाटणारच," सर म्हणाले. त्यांनी चहा अर्धाच प्यायला. उठताना म्हणाले, "उद्या तू सांग. आकडे तू काढलेत."

"मी? समितीपुढे? सर, तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतील."

"नको. तूच सांग," ते म्हणाले. "अजून संध्याकाळ आहे, रात्र आहे. नीट विचार कर काय सांगायचं ते."

मी घरी जाऊन स्लाइडांचे रंग नीट करत बसले. खरंच! एवढं पोटात असताना मी अक्षरांचा आकार वाढवत होते, निळं लाल करत होते.

गुरुवारी दहाला मीटिंग. तीसेक माणसं, लांबट खोली, पुढे एल्सा. आमच्या आधी दोन ग्रुप झाले. त्यांतल्या एकाचं भोक अर्धं केलं, दुसऱ्याचं ठेवलं. मग एल्सा म्हणाली, "आता हत्तरकी. चारची गोष्ट." लोक हसले, पण चांगलं हसले. सगळे पुढे सरकून बसले. आमचं ऐकायला कोणी पुढे सरकून बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

सर पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले नाहीत. नुसते म्हणाले, "आकडे विशाखाने काढलेत, ती सांगेल." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, मराठीत, "सांग पोरी. काय असेल ते सांग."

मी पुढे गेले. पद्धत सांगितली, नियम सांगितले. उगीच येणाऱ्या टक्करींचा अंदाज अर्धा, तोही सांगितला. मग शेवटची स्लाइड लावली आणि पडद्याकडे बघत, लोकांकडे न बघता, म्हणाले, "पेटीत चार सापडल्या."

खोलीत कुजबुज झाली. मागून कोणीतरी बारीक शीळ घातली. एल्सा काहीतरी लिहून घ्यायला लागली.

सर उभे राहिले.

"एल्सा, जरा थांब," ते म्हणाले. "त्या चार आमच्याच आहेत."

"म्हणजे?"

"चाचणीसाठी मिसळलेल्या. खोट्या. मूळ नोंदींत पेटी रिकामी आहे." ते पडद्याकडे गेले आणि तिसऱ्या टक्करीवर बोट ठेवलं. "बाहेरच्या थरातली ही चौकट बघा. या तारखेला ही बंद पडलेली होती. पाळीवर मीच होतो, मीच ती बंद केल्याची नोंद केली होती. बंद चौकटीत खूण उमटत नाही. खोट्या टक्करी बनवणाऱ्या प्रोग्रॅमला ते ठाऊक नव्हतं."

एल्साने पेन खाली ठेवलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" एल्साने विचारलं.

"आज सकाळी, इथे यायच्या आधी," सर म्हणाले. "हिला सांगायला वेळ झाला नाही. हिला ठाऊक नाही. चूक ग्रुपची आहे, आणि ग्रुप माझा आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझा जीव भांड्यात पडला. हो, लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आधी हेच वाटलं, की सुटले. त्यांना आजच कळलं, माझं कालचं कोणाला ठाऊक नाही.

मग सरांनी भोकासाठी बाजू मांडली. पेटी रिकामी असली तरी का बघत राहायला हवं, तीन टक्करींनी कोणाचं काय जातं, सगळं. चांगलं बोलले. पण ऐकतंय कोण? लोक पडद्यावरच्या माझ्या लाल चारकडे बघत होते. मी ती स्लाइड बंदसुद्धा केली नव्हती. एल्सा शांतपणे म्हणाली की रिकाम्या पेटीचा तिला आदर आहे, रिकामी पेटी घेऊन हत्तरकी आले असते तर तिने पुन्हा विचार केला असता. पण दोन दिवस समितीला चार म्हणून सांगायचं, इथे येऊन चार दाखवायच्या, आणि मग हे. अशा कामावर ती जागा खर्च करू शकत नाही. हात वर करायला सांगितले. आमच्या बाजूने पाच हात आले, त्यातला एक सरांचा. मी हात वर करायलाही विसरले.

भोक बुजलं. सगळा मिळून वीस मिनिटांचा खेळ.

आम्ही ट्रामच्या थांब्यावर येऊन उभे राहिलो. धुकं तसंच. मग मीच म्हटलं, "सर, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी ओळ बदलली असंच मला वाटत होतं. तुम्ही सांगितलंत तेव्हाच कळलं."

हे कशाला बोलले मी? कोणी विचारलं होतं?

सर रुळांकडे बघत होते. "काल सकाळी पलीकडं बसून त्या चार उघडल्या, तेव्हाच ती चौकट मला दिसली," ते म्हणाले. "आज नाही. काल. दुपारी दीड वाजता मूळ नोंदी लावून बघायला बसलो. म्हटलं, आधी तुझ्या फोल्डरात कुठला प्रोग्रॅम आहे बघू. तिथं उत्तर तयारच होतं. शून्य. एक वाजून दहा मिनिटं."

मी तिथल्या बाकावर बसले.

"मग तुम्ही कालच एल्साला का नाही कळवलंत?" मी म्हटलं. मलाच ऐकू येत होतं, मी त्यांच्यावर ओरडत होते. "काल कळवलं असतंत तर तिने विचार केला असता! ती म्हणालीसुद्धा. भोक राहिलं असतं सर!"

"असतं कदाचित."

"मग?"

"मी आधी कळवलं असतं तर उद्या कोणीतरी तुझ्या फाईलची तारीख-वेळ बघितली असती. हिला एक वाजता ठाऊक होतं आणि बोलली नाही, असं झालं असतं. चूक जिची तिनं सांगितली की ती चूक असते. दुसऱ्यानं सांगितली की लबाडी होते. तुझं अख्खं आयुष्य पुढं आहे. मी म्हटलं, सांगेल. चारपर्यंत सांगेल. चहाला सांगेल. संध्याकाळी फोन येईल." त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "सकाळी तिथं उभी राहीपर्यंत मला वाटत होतं गं, की ही सांगणार."

"मी तुमच्यासाठी गप्प बसले," मी म्हटलं. आता मात्र मला रडू आवरेना. "भोक राहावं म्हणून. तुमची नऊ वर्षं..."

"रिकामी पेटी मला सोसते," सर म्हणाले. "सवय आहे मला तिची."

ट्राम आली. ते चढले, मी चढले. खिडकीशी जागा होती ती त्यांनी मला दिली. याबद्दल दुसरं काही बोलणं झालं नाही, ना त्या दिवशी, ना कधी.

या गोष्टीला आता आठ वर्षं होत आली. यंत्र परत सुरू झालं, आधीपेक्षा जास्त टक्करी घडवतं. सरांचं भोक बुजलेलंच आहे. यादीबाहेरचा हिग्ज तिथे रोज फुटत असेल किंवा कधीच फुटत नसेल, ते कोणाला कळायची सोय राहिली नाही. परवा माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, या बाजूला कोणीच का बघत नाही? मी म्हटलं, जागा नाही. मी आता प्राध्यापक आहे, त्या शून्याच्या शोधनिबंधावर माझं नाव पहिलं आहे. तीस माणसांसमोर हत्तरकीसर खोटं बोलले म्हणून आहे. त्या माणसाने कुठल्याही आकड्याच्या बाबतीत आयुष्यात दुसरं खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

ते गडहिंग्लजला असतात. दिवाळीला मी निरोप पाठवते, त्यांचं उत्तर येतं, शुभेच्छांचं.

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या थांब्यानंतर जूनपर्यंत ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. थट्टा करायचे, त्या डबीतली पूड मलाही द्यायचे. एप्रिलमध्ये निबंधाचा शेवटचा आकडा निघाला. मी समोरच्या टेबलावरून सांगितलं, "सर, झालं. असे फुटणारे हिग्ज हजारात दोनपेक्षा कमी."

"बरं," ते म्हणाले. "फाईल कुठं ठेवलीस?"

साडेचार वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी जागा सांगितली. त्यांनी माझा प्रोग्रॅम उघडला, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, अनोळखी माणसाचं काम तपासावं तसा. दुपार गेली. मी समोर बसून होते. मग त्यांनी तो स्वतः पहिल्यापासून चालवला आणि उत्तर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आकडा तोच आला.

"बरोबर आहे," सर म्हणाले, आणि त्याच्या आधीच्या आकड्याची फाईल मागितली.